चाळणीचे गणित

रोग लवकर सापडला की निम्मा बरा झाला, हे वाक्य आपल्या मनात इतके खोल रुजले आहे की त्याविषयी शंका घेणारा मनुष्य एक तर अडाणी ठरतो किंवा चिक्कू. गेल्या वर्षभरात आम्ही या दोन्ही पदव्या मिळविल्या आहेत. त्या कशा मिळाल्या आणि आम्ही त्या आनंदाने का बाळगतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

निमित्त घडले ते आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींचा उत्सव म्हणजे आरती, अथर्वशीर्षाची आवर्तने, एखादे नाटक आणि शेवटी महाप्रसाद. यंदा त्यात आरोग्य शिबिराची भर घालावी, असे कार्यकारिणीच्या मनात आले. शहरातील एका खाजगी प्रयोगशाळेने प्रस्ताव दिला : सवलतीच्या दरात ‘संपूर्ण कर्करोग तपासणी’. पुरुषांसाठी रक्तातील पीएसए, स्त्रियांसाठी मॅमोग्राफी आणि सीए-१२५, दोघांसाठी आणखी काही ‘ट्यूमर मार्कर’, वर गळ्याची सोनोग्राफी. निम्मा खर्च सभासदाने द्यावा व निम्मा मंडळाच्या ठेवीच्या व्याजातून जावा, अशी योजना होती. आमची उभी हयात मध्य प्रदेश शासनाच्या लेखापरीक्षा खात्यात गेली असल्यामुळे, ‘तुम्ही एकदा कागद पाहून घ्या,’ असे अध्यक्षांनी सांगितले. त्यांना अभिप्रेत होते दरपत्रक. आम्ही मात्र मूळ वस्तूच तपासावयास घेतली.

लेखापरीक्षकाला एक गोष्ट नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच उमगते. जितके खोल शोधाल तितके आक्षेप निघतात. परंतु प्रत्येक आक्षेप म्हणजे अपहार नव्हे. बारा रुपयांच्या पावतीवर सही नाही म्हणून काढलेली कंडिका पंधरा वर्षे प्रलंबित राहिलेली आम्ही पाहिली आहे, आणि तिच्यापायी एका प्रामाणिक लेखापालाचे निवृत्तिवेतन अडलेलेही पाहिले आहे. उलट, एका नगरपालिकेत वेळीच झालेल्या तपासणीने मोठी रक्कम बुडण्यापासून वाचली, हेही आमच्यासमोर घडले. तेव्हा तपासणी चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाची, कशासाठी, कोणत्या साधनाने आणि काही सापडल्यावर पुढे काय, हे विचारल्यावाचून तिचा हिशेब लागत नाही. वैद्यकशास्त्रातील जाणत्यांनीही हेच प्रश्न विचारून ठेवले आहेत. विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांच्या दहा कसोट्या लिहून काढल्या. रोग महत्त्वाचा असावा, त्याची सुप्तावस्था ओळखता यावी, त्यावर मान्य उपचार असावा व तो उपलब्ध असावा, असे त्यांचे साधे सूत्र आहे. आज सहा दशकांच्या उंबरठ्यावरही ते जुने झालेले नाही.

एक भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. शरीरात गाठ लागते आहे, अवेळी रक्तस्राव होतो आहे, तोंडातील व्रण भरून येत नाही, आवाज बसून महिना झाला आहे, अशा माणसाने डॉक्टरकडे जाणे म्हणजे स्क्रीनिंग नव्हे. तेथे गणित मांडीत बसू नये. त्याच दिवशी उठून जावे. स्क्रीनिंग म्हणजे ज्याला काहीही होत नाही अशा धडधाकट माणसांना रांगेत उभे करून चाळणीतून काढणे. आम्ही लिहितो आहोत ते केवळ या चाळणीविषयी.

कोणतीही चाळणी दोन चुका करते. ठेवायचे ते खाली सोडते आणि सोडायचे ते वर ठेवते. समजा, एक हजार स्त्रिया तपासल्या व त्यांत पाच जणींना खरोखर रोग आहे. तपासणी इतकी उत्तम की पाचही जणी तिने पकडल्या. केवळ निरोगी स्त्रियांपैकी शंभरात पाच जणींच्या बाबतीत ती चुकते. ऐकताना हे प्रमाण किरकोळ वाटते. परंतु निरोगी स्त्रिया आहेत ९९५. त्यांच्यातील पाच टक्के म्हणजे सुमारे पन्नास. म्हणजे ज्या पंचावन्न जणींच्या घरी ‘पुन्हा या’ असा निरोप जाईल, त्यांतील पन्नास निरोगी असतील. त्या पन्नास जणींची पुढली तपासणी, सुई, वाट पाहण्याचे दिवस, देवापुढे बोललेले नवस, हे सारे कोणत्याच दरपत्रकात लिहिलेले नसते.

दुसरी गोम अधिक सूक्ष्म आहे. आपल्यापैकी अनेकजण इंदूर-पुणे गाडीने मुलांकडे जातात. समजा, दोघे प्रवासी गाडीत बसताच झोपले. एकास रतलामला जाग आली, दुसऱ्यास कल्याणला. पुण्यास दोघेही एकाच मिनिटाला उतरले. परंतु पहिला म्हणू लागला की, माझा प्रवास याच्याहून पुष्कळ लांबला. लवकर निदानाचे आकडे कित्येकदा याच जातीचे असतात. मृत्यू अडुसष्टाव्या वर्षी ठरलेलाच असेल आणि रोग बासष्टाव्या वर्षी सापडला, तर ‘निदानानंतर पाच वर्षे जगला’ अशी नोंद होते. सहासष्टाव्या वर्षी सापडला, तर होत नाही. माणूस एक दिवसही अधिक जगला नाही, केवळ जागेपणी प्रवास लांबला. म्हणून निदानानंतर किती वर्षे काढली, या जाहिरातीतील आकड्यास आम्ही भुलत नाही. तपासलेल्यांत आणि न तपासलेल्यांत त्या रोगाने दगावलेल्यांची संख्या किती, हाच खरा ताळेबंद.

तिसरी गोष्ट मात्र मनाला सहजी पटत नाही. कर्करोग म्हटला की तो वाढणार आणि मारणार, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः काही गाठी इतक्या मवाळ असतात की, त्या माणसाबरोबर गुमान राहतात आणि तो दुसऱ्याच कारणाने गेला की त्याच्याबरोबर जातात. त्या शोधून काढणे याला आपण अतिनिदान म्हणू. दक्षिण कोरियात याचा धडा फार मोठ्या प्रमाणावर मिळाला. तेथे १९९९ पासून राष्ट्रीय तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्या योजनेत नव्हती. परंतु थोडे पैसे अधिक भरले की तीही होत असे, आणि लोक ती हौसेने करून घेऊ लागले. परिणामी २०११ साली थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. एवढे कर्करोग सापडून कापले गेले, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुतेकांना जन्मभर गोळी लागली आणि काहींचा आवाज गेला. २०१४ साली तेथील काही डॉक्टरांनीच जाहीर आवाहन केले, तेव्हा ही लाट झपाट्याने ओसरली. आमच्या मंडळाच्या प्रस्तावातील गळ्याच्या सोनोग्राफीपुढे आम्ही पहिली लाल खूण केली ती येथे.

दुसरी खूण सीए-१२५ पुढे. ही चाचणी उपचार चालू असलेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यास उपयोगी आहे. निरोगी स्त्रियांत ती अनेक निरुपद्रवी कारणांनीही वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर, तिच्या आधारे आणि सोनोग्राफीच्या आधारे, बीजांडकोशाच्या कर्करोगाची चाळणी लावून पाहिली गेली. २०२१ साली निष्कर्ष आला : मृत्यू कमी झाले नाहीत.

पीएसएपाशी आमची लेखणी थबकली. कारण तेथे आकड्यांमागे आम्हांस एक चेहरा दिसत होता. मंडळातील आमचे एक ज्येष्ठ स्नेही, उत्तम तबलजी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांची ‘फुल बॉडी’ तपासणी करविली. पीएसए वाढलेले निघाले, मग बायॉप्सी, मग शस्त्रक्रिया. गाठ गेली, पण लघवीवरचा ताबाही गेला. गुरुवारच्या बैठकीला ते येईनासे झाले, कारण तीन तास मांडी घालून बसणे त्यांना शक्य राहिले नाही. आम्ही भेटावयास गेलो की ते म्हणतात, ‘तबला गेला तर गेला, जीव तर वाचला!’ आम्ही मान डोलावितो. त्यांचा जीव खरोखर वाचला की नसत्या गाठीपायी त्यांचा तबला गेला, हे त्यांना, त्यांच्या शल्यचिकित्सकाला किंवा अन्य कोणालाही कधीच कळणार नाही. अतिनिदानाची हीच विचित्र गती आहे. ज्यांचे नुकसान झाले तेही कृतज्ञ असतात; आणि त्यांची कृतज्ञता ऐकून आणखी दहाजण रांगेत उभे राहतात.

येथे एकतर्फी बोलणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. युरोपातील अनेक देशांत मिळून पीएसएचा जो मोठा प्रयोग झाला, त्याचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ साली प्रसिद्ध झाला. तपासणीस बोलाविलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. किंवा दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर जास्तीचे बारा निदान झाले तेव्हा एक जीव वाचला. तो एक जीव खराच वाचला, हे नाकारता येत नाही. मवाळ गाठ निघाल्यास लगेच न कापता तिच्यावर नजर ठेवण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. म्हणून अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१८ साली असा सल्ला दिला की, ५५ ते ६९ या वयातील पुरुषाने डॉक्टरांशी बोलून आपले आपण ठरवावे. सत्तरीनंतर मात्र ही चाचणी नियमाने करू नये. आमचा आक्षेप चाचणीवर नव्हता. उत्सवाच्या मांडवात, रांगेत, एक शब्दही न बोलता ती उरकण्यावर होता.

स्तनांच्या कर्करोगाचेही असेच. ब्रिटनमध्ये सर मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली जो हिशेब मांडला तो असा : पन्नाशीपासून वीस वर्षे मॅमोग्राफीला बोलाविलेल्या दहा हजार स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना अशा गाठीचे उपचार सोसावे लागतात, जी एरवी त्यांना कधी कळलीही नसती. एकास तीन. हा कागद आम्ही आमच्या सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्या त्रेसष्ट वर्षांच्या. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘एकीसाठी तिघी, एवढेच ना? मी त्या तिघींतली निघाले तरी चालेल. तुम्ही तारीख घ्या.’ आम्ही आमच्यापुरते पीएसए न करण्याचे ठरविले आहे, त्यांनी मॅमोग्राफी करण्याचे. एकाच घरात, एकाच प्रकारच्या आकड्यांवरून निघालेले हे दोन निर्णय. आणि दोन्ही योग्य आहेत, असे आमचे मत आहे. जेथे लाभ आणि हानी इतक्या जवळजवळ आहेत, तेथे कशाची भीती अधिक वाटते, हे ज्याने त्यानेच ठरवावयाचे असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, या गृहस्थांना तपासणीच नको आहे. वाचकहो, तसे नाही. आता चाळणीची दुसरी बाजू पाहावयाची आहे, आणि ती आपल्या अगदी जवळची आहे. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी तुळजापूरची. तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे त्या उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) १९९९ च्या सुमारास एक मोठा प्रयोग सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावे ५२ गटांत वाटली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. एका गटात गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात केवळ त्या वेळी प्रचलित असलेली आरोग्यसेवा. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

डोळ्यांनी पाहणीच्या साध्या पद्धतीला त्या प्रयोगात तेवढे यश आले नाही. परंतु मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच पाहणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २०१४ सालचा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तोंडात बॅटरी धरून केलेल्या पाहणीने तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी केले, हे २००५ सालीच सिद्ध झाले आहे. न सेवन करणाऱ्यांत तसा लाभ दिसला नाही. म्हणजे चाळणी तीच; धान्य कोणते, यावर तिचे मोल ठरते.

या प्रयोगांवर पुढे वाद झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या हजारो स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. आज आम्ही ज्या खात्रीने हा लेख लिहितो आहोत, ती खात्री त्या चौसष्ट जणींच्या हिशेबात लिहिली गेली आहे. निदान त्या ज्ञानाचा उपयोग तरी झाला पाहिजे.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत चाळणी इतकी यशस्वी का, याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. मधल्या काळात पेशींत जो बदल होतो तो ओळखता येतो आणि गोठवून वा तापवून एका बैठकीत काढता येतो. पोट उघडावे लागत नाही. त्यांतील काही बदल आपोआपही नाहीसे झाले असते, हे खरे. म्हणजे अतिनिदान येथेही आहे. परंतु त्याची किंमत थोडी आणि लाभ मोठा.

आमची आक्का धारजवळच्या एका गावी दिली होती. पाळी जाऊन पाच वर्षे झाल्यावर तिच्या अंगावर जाऊ लागले. तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. सांगावयाचे तरी कोणाला? घरात सासरे, दीर, मुलगे. १९९४ च्या उन्हाळ्यात तिला इंदुरास आणले तेव्हा रोग ओटीपोटभर पसरला होता. पावसाळा संपण्यापूर्वी ती गेली. तिच्या आयुष्याच्या छप्पन्न वर्षांत एकाही वैद्याने किंवा परिचारिकेने तिला एकदाही तपासले नव्हते. अतिनिदान हा शब्द आम्ही शिकलो तो निवृत्तीनंतर. अनिदान काय असते, ते मात्र त्या उन्हाळ्यातच पाहिले.

आणि ही गोष्ट १९९४ बरोबर संपलेली नाही. भारत सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा कार्यक्रम आखला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया निघाल्या अवघ्या १.९ टक्के, स्तनांच्या तपासणीच्या बाबतीत तर एक टक्काही नाही. आमच्या मंडळात त्याच गळ्याची तिसऱ्यांदा सोनोग्राफी करून घेणारे सभासद आहेत, आणि त्यांच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईंची एकदाही तपासणी झालेली नाही. चाळणी एकाच जागी पुन्हा पुन्हा हलत राहते, आणि ज्या धान्याला तिची गरज आहे ते पोत्यातच पडून राहते.

या अर्थाची चार पानी टिप्पणी आम्ही कार्यकारिणीस सादर केली. प्रयोगशाळेचा प्रस्ताव नाकारावा. ज्या सभासदास पीएसए वा मॅमोग्राफी हवी असेल त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून स्वतंत्रपणे करावी. व्याजाची रक्कम आपल्या घरी काम करणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीसाठी, त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडतो तो भरून देण्यासाठी आणि पुढील उपचारांच्या प्रवासखर्चासाठी वापरावी. सभा तापली. ‘सभासदांच्या पैशांवर सभासदांचाच हक्क,’ असे एकाने बजावले, आणि ते चूक नव्हते. ‘एखाद्याचा कर्करोग तुमच्यामुळे सापडावयाचा राहिला तर?’ असे दुसऱ्याने विचारले. आम्ही उत्तर दिले की, तसे घडू शकते. तसे घडणारच नाही, अशी हमी आम्ही देत नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, त्याच रुपयात दुसरीकडे अधिक जीव वाचतात. अखेर दोन मतांच्या फरकाने टिप्पणी मान्य झाली.

उत्सवानंतरच्या रविवारी शासकीय आरोग्य केंद्राच्या मदतीने शिबिर झाले. अठ्ठावीस जणी आल्या. येतील असे वाटले होते त्याहून कमी. सौभाग्यवतींनी आणि मंडळातील सुनांनी घरोघरी जाऊन समजावले नसते, तर तेवढ्याही आल्या नसत्या. तिघींना पुढील तपासणीस पाठविले. दोघींचे काही निघाले नाही. पण निरोप येईपर्यंतचे तीन आठवडे त्यांना झोप नव्हती. त्यांतील एक आमच्या आळीतच भांडी घासते. तिला त्या दिवसांत पाहून आमच्या टिप्पणीतील ‘फसवा होकार’ या शब्दांचे वजन आम्हांस नव्याने कळले. तिसरीच्या पेशींत बदल आढळला व त्यावर छोटा उपचार झाला. तिला पुढे कर्करोग झाला असता किंवा नाही, हे कोणीही सांगू शकत नाही.

त्या अठ्ठावीस जणींची नोंदवही आमच्याकडे आहे. नाव, वय, पत्ता, तपासणीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात पुढील तपासणीचे वर्ष. सरकारी नियमाप्रमाणे पाच वर्षांनंतरचे. घरे बदलतात, कामे सुटतात, बायका गावी निघून जातात; म्हणून दर सहा महिन्यांनी पत्ते पडताळून घ्यावे लागतात. पाच वर्षांनी आम्ही सत्तरीच्या पुढे असू. तोवर ही वही हाती घेणारा कोणी चाळिशीच्या आतला सभासद पुढे येईल, अशा प्रतीक्षेत आम्ही आहोत. अक्षर बरे असावे आणि दुपारी दोन ते चार उन्हात हिंडण्याची तयारी असावी, एवढीच पात्रता.